नानांच्या खिशातलं लिंबू

परवा दुपारी दुकानात गर्दी नव्हती. एक तरुण आला, खोकल्याचं औषध घेतलं, पैसे दिले आणि तरी हलेना. मग काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "मॅडम, तुम्ही गळानं मासे पकडता असं कळलं. मीपण नवीनच सुरू केलंय. स्वस्तातला, सोबत नेता येईल असा एखादा फिश फाइंडर घ्यायचाय. कुठला घेऊ?"

कर्जतला माझं औषधांचं दुकान आहे. या प्रश्नाला 'मला नाही बाई त्यातलं कळत' असं म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण मी सुरू झाले. म्हटलं, नवशिक्यानं मासा दाखवणारं यंत्र शोधू नये, तळ दाखवणारं शोधावं. पाणी किती खोल आहे, खाली चिखल आहे की खडक, उतार कुठे लागतो, एवढं कळलं तरी पुष्कळ. रंगीत पडद्याला भुलू नको, उन्हात धर आणि दिसतो का ते बघ. होडी नसेल तर गळाच्या दोरीला बांधून लांब फेकायचा गोळा मिळतो तो घे, त्याचं चित्र मोबाइलवर येतं. मोबाइलची बॅटरी टिकत नसेल तर वायरवाला घे, त्याला स्वतःचा पडदा असतो. काठालगतच्या उथळ पाण्यात जे मुकं होतं ते यंत्र घेऊ नको, कारण पहिली दोन वर्षं तू काठालगतच असणार आहेस. तो भराभर मोबाइलमध्ये लिहून घेत होता. "आणि घेतल्यावर," मी म्हणाले, "आधी एखाद्या मोठ्या विहिरीवर ने आणि लिंबू सोडून बघ."

"लिंबू?" त्यानं मान वर केली.

तेव्हा मी भानावर आले. इतका वेळ मी जे काही बोलले होते त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. सगळी नानांची. ज्या माणसानं माझा केसानं गळा कापला, ज्याचं नाव घरात निघालं तरी मी उठून आत जाते, त्याची बोली माझ्या तोंडात अजून जशीच्या तशी बसलेली आहे. राग इतका आहे, तरी 'नाना आला', 'नाना गेला' असं म्हणायला जीभ वळत नाही. नाना आले, नाना गेले, असंच होतं.

नाना रेल्वेत होते. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून इंजिनं लावतात, घाट चढवायला. त्यांना बँकर म्हणतात. नानांनी सगळी नोकरी या बँकरवर काढली. त्यामुळे गावात ते 'बँकर नाना', आणि नव्यानं राहायला आलेली माणसं त्यांना कर्जाचे व्याजदर विचारायची. नाना तेही सांगायचे. गाडी लोणावळ्याला पोचली की बँकर सुटतो, गाडी पुढे निघून जाते आणि हा एकटा परत खाली येतो. "आपलं काम ढकलायचं," नाना म्हणायचे. "पुढं गाडीत कोन बसलाय, कुठं चाल्लाय, आपल्याला काय करायचंय?"

हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल आणि दरवेळी मला ते फार मोठ्या मनाचं वाटलं.

अंगानं आडवे, मनगटं जाड, पाण्यावर जाताना पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. उजव्या खिशात इंजिन पुसायच्या सुताचा एक बोळा, डाव्या खिशात लिंबू. बोळा हात पुसायला. लिंबू ही इंजिनातली सवय. उन्हाळ्यात घाटात केबिन तापली की ते लिंबू हुंगायचं म्हणे. निवृत्त झाल्यावरही खिसा तसाच राहिला. त्या लिंबानं ते हाताचा माशाचा वास घालवायचे, मीठ लावून चोखायचे, आणि दिवसभरात काहीच कामाला आलं नाही तर परतताना टपरीवरच्या कोऱ्या चहात पिळून टाकायचे. कुणाला गाठ बांधायला शिकवली आणि ती त्याला जमली, की पाठीवर थाप मारून म्हणायचे, "चला, तुमी सुटलाव." म्हणजे आता तुमचं तुम्ही जा.

माझी त्यांची ओळख रक्तदाबाच्या गोळ्यांवरून. दर महिन्याला यायचे. एकदा गोळ्या खिशात टाकता टाकता म्हणाले, "ताई, गोळ्या तुमी विकताव, पन तोंड बघितलं तर गिऱ्हाईक तुमीच वाटताव." मला राग आला आणि हसूही आलं. नवरा खोपोलीला कारखान्यात पाळीवर, मुलगी पुण्याला शिकायला, आणि मी सकाळपासून रात्रीपर्यंत पाकिटांवरच्या तारखा बघत बसलेली. तोंड दुसरं कसं असणार? "येत्या रविवारी धरनाच्या पान्यावर या," ते म्हणाले. "मासा मिळंल न मिळंल. पन कोनी 'सुट्टे द्या' नाय म्हननार."

मी गेले. लोक काय म्हणतील याचा विचार वाटेत केला, तोवर पोचलेच होते. दुकान बंद ठेवायला न कचरणारे पाचसहा जण असायचे. त्यांत बाई मी एकटी. पण नानांनी कधी मला 'बाई' म्हणून बाजूला बसवलं नाही. उलट माझ्या हातातला गळ हिसकावून कुणी मदत करायला लागला की ओरडायचे, "तिला चुकू दे रं. तू चुकलास तवा कोन आलता?" दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मी 'ताई'ची 'बाय' झाले. आमच्याकडे घरातल्या लेकीला बाय म्हणतात. वडील गेल्यापासून मला तसं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून हे लक्षात राहिलं.

त्या मंडळात एक गृहस्थ होते. एका रविवारी ते उशिरा आले, जरा लांब जाऊन बसले, आणि थोड्या वेळानं हातात भला मोठा मासा धरून फोटो काढून घ्यायला लागले. मासा बाजारातला होता. कल्ल्यावर बर्फाचा डाग होता, तो सगळ्यांना दिसत होता. कुणी हसलं, कुणी टर उडवली. नाना मात्र पुढच्या रविवारपासून त्या माणसाच्या शेजारी कधी बसले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाय, माशाशी खोटं बोल्लं तर चालतं. आमिष म्हंजे खोटंच. मान्साशी नाय बोलायचं." मी हे घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं. कसली मोठी गोष्ट ऐकून आले आहे, अशा थाटात.

फिश फाइंडर घ्यायचं ठरलं ते मी कंटाळले म्हणून. तास न् तास गळ टाकून बसायचं आणि खाली काय आहे ते कळायचं नाही. नाना आधी नको म्हणाले, मग म्हणाले, "घ्यायचाच तर परीक्षा करून घे." त्यांच्या भावाची लोधिवलीला वाडी आहे, तिथे पायऱ्यांची ऐसपैस विहीर आहे. अरुंद विहीर चालत नाही, तिच्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि यंत्र बावचळतं, असं त्यांचं म्हणणं. मंडळातल्या दोघांनी आपापली यंत्रं दिली, एक मी दुकानदाराकडून पसंत पडलं तर ठेवीन या बोलीवर आणलं होतं. नानांनी आधी प्रत्येक यंत्र नारळासारखं कानाशी धरून हलवलं. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग वजन बांधलेली दोरी विहिरीत सोडून त्यांनी खोली मोजली. यंत्र जर पाणी त्याहून कमीजास्त सांगायला लागलं तर ते बाजूला. त्यानंतर लिंबू. दोऱ्याला शिशाचा तुकडा, त्याच्यावर लिंबू, आणि ते अर्ध्या पाण्यात लोंबतं ठेवायचं. पहिल्या यंत्राच्या पडद्यावर लगेच एक गोंडस मासा आला, शेपटीबिपटी असलेला. "हा नापास," नाना म्हणाले. "लिंबाला मासा म्हनतोय. ह्याच्या नादानं मानूस दिवसभर लिंबाला गळ टाकीत बसंल." दुसऱ्यात लिंबू दिसलंच नाही. तिसरा माझा, नारिंगी रंगाचा गोळा. त्याच्यातली ती चित्रं काढायची खोड नानांनी आधीच बंद करून टाकली होती. मोबाइलवर तळाची जाड रेघ दिसली, आणि मधोमध, लिंबू होतं तेवढ्याच खोलीवर, एक बारीक सरळ रेघ.

"लिंबू हलत नाय," नाना म्हणाले, "म्हनून रेघ सरळ. मासा येतो आनि जातो, त्याची कमान उठते. कमान दिसली की समज, खाली जीव हाय." त्यांनी गोळा वर ओढला, सुताच्या बोळ्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "हा खरं बोलतो. घे." किमतीनं तो तिन्हींत स्वस्त होता. मला त्या दिवशी फार आनंद झाला, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

आता जनीबद्दल सांगायला हवं. जनी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतली, ठाकूर समाजातली. घाटातल्या ठाकुरवाडी स्टेशनच्या रुळांवरून खाली बघितलं तर झाडीत त्या वाडीची घरं दिसतात. बाजाराला आली की तिची पाटी माझ्या दुकानाच्या पायरीवर. करवंदं, कंटोळी, ज्या त्या वेळचं जे असेल ते. सासूला दम्याचा त्रास, त्याची औषधं माझ्याकडून जायची. सीझनला वाडीतले बरेचसे पुरुष माथेरानच्या हॉटेलांत कामाला, त्यामुळे वाडीचं सगळं बायकांच्या हातात. जनी बोलायची कमी, पण दुपारी माझ्याजवळ डबा खायला बसायची. आमचं चांगलं जमायचं.

तिच्याच तोंडून मी बाळंतिणीच्या डोहाबद्दल ऐकलं. नदी उन्हाळ्यात आटते, जागोजागी डबकी राहतात. पण वाडीखाली एका कातळाच्या पोटात एक डोह आहे, तो आटत नाही. वरून बघाल तर म्हशी बसतील एवढंच पाणी. बाकी सगळं कातळाखाली. अंगात अंडी धरलेल्या मासळ्या उन्हाळाभर तिथे येऊन राहतात, म्हणून बाळंतिणीचा डोह. होळीनंतर त्यात गळ टाकायचा नाही, जाळं लावायचं नाही, असा वाडीचा नेम. पाऊस पडून ओढे वाहायला लागले की याच मासळ्या प्रवाहाच्या उलट चढून भातखाचरांत येतात. त्याला वलगण म्हणतात. वलगणीच्या त्या दिवसांत वाडीत घरटी मासा शिजतो, सुकवून ठेवला जातो, पावसाळाभर पुरतो. डोह राखला तर वलगण, एवढा साधा हिशेब.

हे मी नानांना सांगितलं. सहज, चहा पिताना. नानांनी कप खाली ठेवला. "आपन बघायचा काय तो डोह?" म्हणाले. "गळ नाय, काय नाय. नुसता गोळा टाकून बघायचा. खाली किती जीव हाय ते."

मी जनीला विचारलं. तिनं बराच वेळ विचार केला. तिच्या नेमात गळ होता, जाळं होतं, नुसतं बघणं नव्हतं. बघण्याला कुणी कधी बंदी घातली नव्हती, कारण आजवर कातळाच्या पोटात कुणाला बघताच आलं नव्हतं.

"गळ नाय ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग या. तुमी असाल तर या."

होळी होऊन गेली होती. आम्ही सकाळी गेलो, नाना आणि मी. वाडीतल्या चारपाच बायका आल्या. नानांनी डोहाच्या काठावर चपला काढल्या, वाकून पाण्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग माझा गोळा कातळाच्या कडेला अलगद सोडला. मोबाइल जनीच्या हातात दिला. पडद्यावर तळ खाली खाली जात गेला. चार पुरुष खोल पाणी होतं. आणि मग कमानी यायला लागल्या. एकीवर एक, लहान मोठ्या, पडदा भरून. बायका एकमेकींच्या खांद्यावरून बघत होत्या.

शेवटी जनी म्हणाली, "हायत हे म्हाईत व्हतं. पन दिसल्या नव्हत्या कदी."

तिचे डोळे भरले होते, माझेही. नाना तिला समजावून सांगत होते, ही मोठी, ही तळाला बसलेली, ही बघ चालली. त्यांचा आवाज खाली आला होता, देवळात बोलतात तसा. परतताना त्यांनी लिंबू चहात पिळलं नाही, तसंच खिशात ठेवलं. मला वाटलं, हा माणूस आज भरून पावला. तो दिवस आठवला की आजही आधी बरंच वाटतं. मग आठवतं.

त्याच सुमारास नदीच्या खालच्या अंगाला एका फार्महाउसवाल्यानं मासेमारीचा कँप काढला होता. शहरातून गाड्या भरून यायचं, तंबूत राहायचं, भाड्यानं गळ, शिकवायला माणूस. शिकवायला नाना. त्यांना एक निळं जाकीट दिलं होतं, पाठीवर 'मार्गदर्शक' असं लिहिलेलं. उन्हाळ्यात जाकीट घालून ते माझ्या दुकानात आले, घामाघूम. मी हसले, त्यांना ते आवडलं नाही. रविवारी मंडळात येणं कमी झालं. वयानं माणसाला कौतुक हवंसं वाटतं, असं म्हणून मी सोडून दिलं.

मे महिन्यात एक दिवस जनी आली. बाजाराचा वार नव्हता, पाटीही नव्हती. काउंटरपलीकडे उभी राहिली. मी सासूच्या औषधाचं खोकं काढायला वळले तर म्हणाली, "औषद नको."

"काय झालं गं?"

"तुमचा नाना आलता. तुमच्यासारखाच गोळा घेऊन."

मला वाटलं, पुन्हा बघायला गेले असतील. मला न सांगता गेले याचं थोडं वाईट वाटलं. म्हटलं, "बघायला?"

"चार गाड्या व्हत्या," जनी म्हणाली. "सगळ्यांकडं गळ. नाना दाखवीत व्हता, हितं टाका, तितं टाका. पोट फुगलेल्या शिंगट्या काढल्या, ताई. हातात धरून फोटू काढले. अंडी गळत व्हती त्यांच्या अंगावर, तर हसत व्हते. आमी बाया गेलू. तर नाना म्हनला, तुमच्या त्या मेडिकलवाल्या ताईला ईचारा. तीच घेऊन आलती मला."

मी काही बोलेपर्यंत जनी म्हणाली, "तुमाला म्हाईत व्हतं?"

"नाही. शप्पथ नाही."

"मंग ठीक," ती म्हणाली आणि गेली. ठीक काहीच नव्हतं.

मी शटर ओढलं आणि तशीच स्कूटरवर कँपवर गेले. नाना एका झाडाखाली टेबल मांडून बसले होते, पुढ्यात फिश फाइंडर ओळीनं लावलेले. शहरातल्या कुणालातरी वायरवाला आणि फेकायचा यांतला फरक समजावत होते. तीच वाक्यं. मला बघून उठले, गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. नदीकडे चालत गेलो.

"डोह का दाखवलात, नाना?"

त्यांनी नाकारलं नाही, हे सांगायला हवं. त्यांनी खोटंच बोलायला हवं होतं, म्हणजे मला निदान नीट भांडता आलं असतं. "पाव्हन्यांना मासा लागंना, बाय," ते म्हणाले. "मालक म्हनला, हमखास लागंल अशी एक जागा दाखवा. नवशिके हायत, एक मासा लागला की खूश व्हतात. आनि मासे काय कोनाच्या सातबाऱ्यावर हायत?"

"अंड्यांवर आलेल्या होत्या. तुम्हीच दाखवलंत जनीला पडद्यावर. तुम्ही पाण्याला हात लावून कपाळाला लावलात."

"ते खरंच व्हतं," नाना म्हणाले.

त्यांनी खिशातून बोळा काढला आणि स्वच्छ असलेले हात पुसायला लागले. मग स्वतःहून बोलले. घाटातून बँकर खाली आणताना वरून ती नदी दिसायची. मे महिन्यात सगळं पात्र पांढरं पडायचं, पण वाडीखालचा एक ठिपका काळा तो काळाच. नोकरीभर तो ठिपका बघत आले होते. तरुण असताना एकदा गळ घेऊन गेले, तर जनीच्या सासऱ्यानं हाकलून दिलं होतं. "कोनाला ईचारून आलाव, म्हनला. ते डोक्यात बसलं, बाय. वाडीत आपल्याला कोन घेनार? तुला घेतलं."

माझ्या डोक्यात तेव्हा एकच आलं. माझ्या दुकानाच्या पायरीवर जनीची पाटी त्यांनी किती वर्षं बघितली होती. गोळ्या घ्यायला येताना ती पाटी ओलांडूनच यावं लागायचं. मी विचारलं, "मला शिकवलंत ते यासाठी?"

नानांनी बोळा खिशात घातला.

"सुरवातीला नाय," ते म्हणाले.

एवढंच. निघताना ते मागून म्हणाले, "मी नुसती जागा दाखवली, बाय. मी गळ नाय टाकला." गाडी ढकलून दिली, पुढे कोण बसलंय ते आपल्याला काय करायचंय. ज्या वाक्यात मला मोठं मन दिसायचं ते किती सोयीचं होतं, हे त्या उन्हात उभं राहून कळलं.

फोटो फिरले. आधी कँपवाले, मग त्यांचे ओळखीचे, मग कुणीतरी टेंपोतून जाळी आणली आणि कातळाच्या दोन्ही तोंडांना लावली. ते कोण होते ते वाडीला कळलंच नाही. पाऊस वेळेवर झाला, ओढे भरले, खाचरांतून पाणी वाहिलं. वाडीतल्या बायका बांधावर टोपल्या लावून बसल्या. चढून काही आलं नाही. वलगण लागली नाही. जनीनं हे मला सांगितलं नाही, तिच्या जावेनं सांगितलं. जनी औषधाला अजून येते, पैसे मोजून देते, औषध पदराला बांधते. पाटी मात्र आता समोरच्या किराणावाल्याच्या पायरीवर ठेवते. दुपारी मी डबा एकटी खाते.

मी मासे पकडणं सोडलं नाही. आधी सोडणार होते, मग वाटलं, का सोडू? शिकले मी, चुकले मी, हात माझे. त्यांनी कशासाठी शिकवलं ते त्यांच्यापाशी. पण गळाला गाठ मारताना 'चला, तुमी सुटलाव' हे दरवेळी कानात येतं आणि दरवेळी राग येतो. मी सुटलेली नाही.

नानांना शेवटचं बघितलं ते थंडी पडायला लागली तेव्हा. जनीची सासू अंथरुणाला खिळली होती, म्हणून औषध द्यायला मीच वाडीत गेले होते. परतताना पायवाट डोहावरून जाते. काठावर नाना एकटे बसले होते. जाकीट नव्हतं. मासा लागेना म्हटल्यावर कँपवाल्यानं दुसरीकडे तंबू नेले होते आणि मार्गदर्शक इथेच ठेवून गेला होता, हे मी ऐकून होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला बाजूला काढलेल्या. त्यांनी गोळा कातळाच्या कडेला सोडला, मोबाइल डोळ्यांशी नेला, गोळा ओढून घेतला, कानाशी धरून हलवला, पुन्हा सोडला.

मी मुकाट्यानं निघून जाणार होते. त्यांनी मान वळवली.

"बाय," ते म्हणाले, जसं काही मधे घडलंच नाही. "तुझा गोळा हाय काय संगती? ह्या माझ्यात कायतरी बिघडलाय. तळ दाखवतो, वर काय दाखवीत नाय."

सकाळी धरणावरून परस्पर आले होते, त्यामुळे माझा गोळा पिशवीतच होता. मी तो काढून दिला. का दिला, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी तो बांधला, सोडला. मी उभ्यानंच पडद्याकडे बघितलं. तळ खाली खाली गेला, चार पुरुष, तोच तळ. त्याच्यावर काही नव्हतं. पाणी नुसतं रिकामं. नानांनी गोळा कातळाच्या आत, आणखी आत जाऊ दिला. काही नव्हतं.

"हा पन बिघडला," नाना म्हणाले.

"लिंबू टाकून बघा," मी म्हणाले.

मला ते लागावं म्हणूनच मी बोलले. त्यांना लागलं की नाही, कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डाव्या खिशात हात घातला. लिंबू होतं. शिशाचा तुकडा होता, दोरा होता. त्यांनी गाठ मारली, दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मी मदत केली नाही. गोळा त्यांच्याकडेच राहू दिला आणि चढण चढायला लागले.

वरच्या वळणावरून मागे बघितलं. नानांनी लिंबू अर्ध्या पाण्यात सोडून धरलं होतं आणि मोबाइलवर उन्हासाठी हाताचा आडोसा केला होता. तिथून पडदा दिसत नव्हता, पण त्यांना काय दिसत असणार ते मला माहीत होतं. खाली तळ, आणि मधोमध एक बारीक सरळ रेघ. ते तिच्याकडे बघत बसले होते.